माहिती अधिकार कायद्याच्या फेरआढाव्यासाठी निवेदन द्यायचे आहे. कोणत्या दुरुस्तीवर भर द्यावा?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या आपल्या लहानशा संस्थेने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ या कायद्याचा फेरआढावा घ्यावा अशी मागणी करण्याचे ठरवले आहे. त्यासाठी चौदा सूचनांचा मसुदा तयार आहे आणि तो खासदार, आमदार व राज्य माहिती आयोग या तिघांनाही एकाच मजकुराने पाठवायचा आपला विचार आहे. या चौदांपैकी कशावर सर्वाधिक जोर द्यावा, हे आपण विचारले आहे. शेवटी काहीशा उद्वेगाने आपण असेही लिहिले आहे की, वैयक्तिक माहितीचे कलम बदलल्यानंतर या कायद्यात आता उरले तरी काय?

मी महसूल खात्यात नोकरी केली. १२ ऑक्टोबर २००५ रोजी हा कायदा पूर्णपणे अमलात आला तेव्हा मी नायब तहसीलदार होतो आणि जन माहिती अधिकारी, म्हणजे अर्जाला उत्तर देणारा अधिकारी, म्हणून माझ्या नावाची पाटी दाराबाहेर लागली, तेव्हा त्या पदाची कर्तव्ये मला पुरती ठाऊकही नव्हती. पदोन्नतीनंतर काही वर्षे प्रथम अपिलीय अधिकारी, म्हणजे त्या उत्तराविरुद्धची पहिली दाद ऐकणारा वरिष्ठ, म्हणून अपिले ऐकली, आणि निवृत्तीनंतर अर्जदारांना अर्ज लिहून देणे, त्यांच्याबरोबर आयोगाच्या सुनावणीला जाणे हे काम करतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झाले आहे. तरीही पुढचे सारे महाराष्ट्रातील तालुका आणि जिल्हा कार्यालयांच्या अनुभवावर बेतलेले आहे. मंत्रालयात, बँकांत किंवा केंद्र सरकारच्या कार्यालयांत अडचणींचा क्रम वेगळा लागू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला मसुदा दोनदा वाचल्यावर मला असे वाटते की, कायद्यात काय बदलावे हा प्रश्न आपण जरा लवकर विचारला. त्याआधीचा प्रश्न असा की, आपल्या लोकांनी केलेले अर्ज नेमके कोणत्या टप्प्यावर अडले, आणि ती जागा मोकळी करण्याची लेखणी कोणाच्या हातात आहे. कायद्याचे कलम फक्त संसद बदलू शकते. अर्जाचा नमुना, शुल्क, अपिलाची कार्यपद्धती यांचे नियम कलम २७ खाली राज्य सरकार करते, आणि राज्य माहिती आयुक्तांची रिक्त पदे भरणे हेही राज्याच्याच हातात असते. दप्तर लावणे, कलम ४ खालील माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे, अर्ज योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत वर्ग करणे, ही कार्यालयप्रमुखाची कामे. या हिशेबाने आपल्या चौदा सूचनांपैकी चारच संसदेकडे नेण्याजोग्या आहेत. सहा राज्य सरकारच्या पदरात पडतात, आणि उरलेल्या चारांसाठी जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांचे एक परिपत्रक पुरेसे आहे. तिन्ही ठिकाणी एकच मजकूर गेला, तर प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवील आणि आपल्याला तीन पोहोच मिळतील, त्यापलीकडे काही नाही.

संसदेकडे जपून जावे असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. कायदा दुरुस्तीसाठी उघडला की तो आपल्याला हव्या त्याच कलमापाशी उघडला जाईल, याची खात्री कोणी देत नाही. २००६ मध्ये, म्हणजे कायदा वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा, संचिकेवरील टिपण्या कायद्याच्या कक्षेबाहेर नेण्याच्या दुरुस्तीला केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली होती. अण्णा हजारे यांनी आळंदीत उपोषण केले, देशभर विरोध झाला आणि ते विधेयक मागे पडले. २०१३ च्या जून महिन्यात केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे हा कायदा लागू असलेली संस्था, ठरवले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजकीय पक्षांना वगळणारे विधेयक लोकसभेत आले. तेही पुढे व्यपगत झाले. २०१९ मध्ये मात्र दुरुस्ती झालीच. माहिती आयुक्तांचा पाच वर्षांचा निश्चित कार्यकाळ कायद्यातून काढून तो केंद्र सरकार ठरवील तितका झाला, आणि ऑक्टोबर २०१९ च्या नियमांनी तो तीन वर्षांवर आला. ते विधेयक प्रवर समितीकडे पाठवावे ही मागणी राज्यसभेत फेटाळली गेली. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम आला. म्हणजे आजवर या कायद्यात जे दोन महत्त्वाचे बदल प्रत्यक्षात उतरले, ते दोन्ही अर्जदाराला मागे ढकलणारे आहेत. म्हणून संसदेकडे मागायच्या गोष्टी थोड्या, नेमक्या आणि शब्दांसह लिहिलेल्या असाव्यात. 'सर्वंकष आढावा घ्यावा' हे वाक्य मसुद्यातून काढून टाकावे, असे मी सुचवीन.

आता वैयक्तिक माहितीच्या कलमाविषयी. हे कलम ८(१)(ञ). कार्यालयात सगळे त्याला 'आठ-एक-जे' म्हणतात. मूळ कलमात दोन कसोट्या होत्या. मागितलेल्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामकाजाशी किंवा हिताशी काही संबंध नसेल, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खाजगी आयुष्यात अवाजवी शिरकाव होत असेल, तरच ती नाकारता येत असे, आणि तेव्हाही व्यापक जनहित दिसल्यास देता येत असे. शिवाय एक पुस्ती होती: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम ४४(३) ने हे सारे काढून त्या जागी एवढेच ठेवले की, वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अमलात आहे.

न्यायालयात या बदलाचे काय होईल ते होईल. टेबलावर काय झाले ते मी पाहतो आहे. पूर्वी जन माहिती अधिकाऱ्याला नकार द्यायचा असला तरी एक परिच्छेद लिहावा लागे. सार्वजनिक कामकाजाशी संबंध का नाही, शिरकाव अवाजवी का, हे काही ना काही मांडावे लागे, आणि त्या परिच्छेदातच अपिलाचे मुद्दे सापडत. एका गावातील घरकुल लाभार्थ्यांच्या यादीसाठी केलेल्या अर्जाला अलीकडे आलेले उत्तर माझ्यासमोर आहे. त्यात एक ओळ आहे: 'मागणी केलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' खाली सही, शिक्का आणि अपिलाची मुदत. गंमत अशी की, त्याच योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर गावनिहाय लाभार्थी कोणालाही पाहता येतात. उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर मी फारसा राग धरत नाही. विदा संरक्षणाच्या कायद्यात दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये आहे, हा आकडा त्याने कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकलेला असतो, आणि माहिती अधिकाराचा कमाल दंड २५,००० रुपये. भीती कुठे झुकणार, हे सांगायला नको.

पण 'उरले तरी काय' या आपल्या प्रश्नाचे उत्तर निराशेचे नाही. कलम ४(१)(ख) जसेच्या तसे आहे. त्यातील दहावी बाब प्रत्येक अधिकारी व कर्मचाऱ्याच्या मासिक वेतनाची, बारावी अनुदान कार्यक्रमांची रक्कम व लाभार्थी यांच्या तपशिलाची, तेरावी सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे मिळालेल्यांची आहे. ही माहिती मागण्याची वेळच यायला नको, ती आधीच प्रसिद्ध हवी, असे कायदा सांगतो. विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम ३ मध्येही, एखाद्या कायद्याखालील बंधनामुळे जाहीर केलेल्या वैयक्तिक माहितीला तो अधिनियम लागू नाही, असे म्हटले आहे. कलम ८(२) तसेच आहे: जपायच्या हितसंबंधाला होणाऱ्या हानीपेक्षा जनहित मोठे असेल, तर अपवादातली माहितीही देता येते. कलम १० खाली नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो, आणि कलम २१ सद्भावनेने माहिती देणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देते. मी हल्ली अर्जातच लिहून देतो की, ही माहिती कलम ४(१)(ख) च्या बाराव्या बाबीखालील आहे, आणि आधार क्रमांक, बँक खाते व भ्रमणध्वनी क्रमांक झाकून दिल्यास हरकत नाही. अशा अर्जांना 'वैयक्तिक' हे उत्तर तुलनेने कमी येते. येतच नाही असे मात्र म्हणणार नाही.

फरक कुठे पडला तेही नीट मांडायला हवे. जनहिताचा तोल पूर्वी त्याच कलमात, म्हणजे उत्तर देणाऱ्या माणसाच्या हातात होता. कलम ८(२) मध्ये तो 'सार्वजनिक प्राधिकरणा'च्या हाती आहे आणि शब्द 'देऊ शकेल' असा आहे. तालुक्याचा जन माहिती अधिकारी म्हणतो, प्राधिकरण म्हणजे साहेब, आणि साहेब म्हणतात, तुमचे तुम्ही ठरवा. म्हणून संसदेकडची आपली पहिली मागणी ही असावी: कलम ८(१)(ञ) चा मूळ मजकूर पुस्तीसह पूर्ववत करावा. आपल्या मसुद्यात नवा, सुधारित मजकूर सुचवला आहे. तो मी घेणार नाही. जुन्या शब्दांचा अर्थ वीस वर्षांच्या निकालांनी बऱ्यापैकी ठरला आहे. नव्या शब्दांचा अर्थ लावण्यात आणखी दहा वर्षे जातील. जुन्या मजकुरानेही सारे आलबेल नव्हते, हे मान्य करतो. गिरीश रामचंद्र देशपांडे प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निर्णयानंतर कर्मचाऱ्यांच्या मालमत्तेची, कारणे दाखवा नोटिसांची, शिक्षांची माहिती सर्रास नाकारली जाऊ लागली होती आणि त्या निर्णयाचा क्रमांक अनेक कार्यालयांत शिक्क्यासारखा वापरला जात असे. तरीही त्यावर वाद घालता येत होता. आधाराला दोन अहवाल जोडावेत. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये म्हटले होते की, खाजगीपणाच्या कायद्याने माहितीच्या अधिकाराचा संकोच होऊ नये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये या कलमात बदल सुचवला होता, पण त्यातही हानी आणि जनहित यांची तुलना कायम ठेवली होती. सरकारच्याच समित्यांचे म्हणणे सरकारपुढे ठेवणे केव्हाही सोपे पडते.

संसदेकडची दुसरी मागणी आपल्या मसुद्यात अकराव्या क्रमांकावर आहे. ती वर आणावी. मुदतींचा हिशेब पाहा. अर्जाला ३० दिवस. प्रथम अपील करायला ३० दिवस, त्यावर निर्णयाला ३० दिवस आणि कारणे नोंदवून फार तर ४५. आयोगाकडे दुसरे अपील करायला ९० दिवस. पण दुसऱ्या अपिलावर आयोगाने किती दिवसांत निर्णय द्यायचा, याबद्दल कायदा गप्प आहे. नागरिकाला आणि कारकुनाला घड्याळ आहे, आयोगाला नाही. महाराष्ट्राच्या राज्य माहिती आयोगाकडे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती. पाणंद रस्त्याच्या मोजणीची नक्कल मागणाऱ्याला ती दोन-तीन वर्षांनी मिळून काय उपयोग? तोवर रस्त्यावर भिंत उभी राहते आणि वाद दिवाणी न्यायालयात गेलेला असतो.

याच्याच खाली एक सुटलेला धागा आहे, आणि तो मी स्वतःच्या कबुलीसह सांगतो. कलम २० चा दंड फक्त जन माहिती अधिकाऱ्याला आहे. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने सुनावणी घेतली नाही, मुदतीत निर्णय दिला नाही, तरी त्याला काहीही होत नाही. मी त्या खुर्चीत असताना महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पंधरा-वीस अपिले एकदम लावत असे. आदेशाचा साचा ठरलेला होता: 'जन माहिती अधिकारी यांनी अर्जदारास उपलब्ध माहिती नियमानुसार द्यावी. अपील निकाली काढण्यात येते.' 'उपलब्ध' म्हणजे कोणती, 'नियमानुसार' म्हणजे केव्हा, हे मी लिहीत नसे. बराच काळ मला त्यात काही वावगेही वाटले नाही. एकदा एका वृद्ध अर्जदाराने तो आदेश माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "साहेब, यात तारीख कुठंय?" त्या दिवसापासून आदेशात तीन गोष्टी घालू लागलो: कोणती कागदपत्रे, किती दिवसांत, आणि शुल्क घेऊन की विनाशुल्क. कलम ७(६) प्रमाणे मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते, याचा उल्लेख आदेशात आला की कार्यालये एकाएकी तत्पर होतात, हा माझा अनुभव आहे. तेव्हा दुसऱ्या मागणीचे दोन भाग करा: आयोगाला निर्णयाची मुदत, आणि प्रथम अपिलीय अधिकारी कलम २० च्या कक्षेत.

दंडाची रक्कम वाढवा ही आपली पहिल्या क्रमांकाची सूचना मी शेवटी टाकीन. दररोज २५० आणि कमाल २५,००० रुपये ही रक्कम २००५ ची आहे आणि आज ती क्षुल्लक वाटते, हे खरे. पण दंड ठोठावलाच जात नसेल, तर तो लाखाचा केला काय आणि दहा लाखांचा केला काय. उलट रक्कम फुगली की वरिष्ठ मंडळी जन माहिती अधिकाऱ्याचे पद कार्यालयातल्या सर्वांत नव्या, सर्वांत गरीब गायीच्या गळ्यात बांधतील. आजही तेच होते.

आता राज्य सरकारकडे मागायच्या गोष्टी, ज्या मला अधिक फलदायी वाटतात. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे राज्यात मुख्य माहिती आयुक्तांखेरीज दहापर्यंत आयुक्त नेमता येतात. पदे वेळेत भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने अंजली भारद्वाज प्रकरणात फेब्रुवारी २०१९ मध्येच बजावले आहे. आमदारांना द्यायच्या निवेदनात ही मागणी पहिली हवी, कारण तिला विधेयक लागत नाही.

त्यानंतर दीडशे शब्दांचा नियम. महाराष्ट्राने २०१२ मध्ये नियम दुरुस्त करून अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असे ठरवले. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत मर्यादा ५०० शब्दांची आहे आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज नाकारू नये, असेही तिथे म्हटले आहे. आमचा नियम आला तेव्हा कार्यालयांत समाधानाचे वातावरण होते. मीही त्यात होतो. माझ्या लिपिकाने पेन्सिल घेऊन एका अर्जातले शब्द मोजले, १८३ भरले, विषयही दोन आहेत असे ठरवले आणि अर्ज परत केला. आठवड्याने तोच गृहस्थ चार अर्ज घेऊन आला. चार आवक क्रमांक, दहा-दहा रुपयांची चार न्यायालयीन मुद्रांके, चार उत्तरे, आणि त्यातली दोन चुकीची, कारण प्रश्न तोडल्यामुळे त्याला नेमके काय हवे हेच कळेना. भार कमी करण्यासाठी केलेल्या नियमाने भार चौपट केला. आढावा म्हणजे काय, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पण या नियमाने अर्जांची संख्या घटली की वाढली, हे माझ्या कार्यालयाला कोणी कधी विचारले नाही.

यावरून आपल्या सातव्या सूचनेकडे येतो: वारंवार अर्ज करणाऱ्यांवर निर्बंध घालावेत. ही सूचना सरकारी बाजूने नेहमी येते, ती आपल्या संस्थेकडून आलेली पाहून मला थोडे आश्चर्य वाटले, पण त्यामागची तक्रार खोटी नाही. अर्ज टाकायचा आणि मग तो मागे घेण्यासाठी पैसे मागायचे, असा धंदा करणारी माणसे मी पाहिली आहेत. तशीच दुसरी माणसेही पाहिली. एका शेतकऱ्याने दोन वर्षांत साठच्या वर अर्ज केले होते आणि कार्यालयात त्याचे नावच पडले होते. एका सोमवारी त्याला बसवून मूळ संचिका समोर ठेवली. त्याच्या फेरफारावरील हरकतीचा निर्णय कधीच झाला होता. आदेशाची प्रत त्याला कोणी पाठवलीच नव्हती. त्याने पानापानावरून बोट फिरवत तो आदेश वाचला, नक्कल घेतली आणि त्यानंतर त्याचा एकही अर्ज आला नाही. कलम ६(२) अर्जदाराला कारण विचारू देत नाही. निर्बंध घालायचा तर हेतू तपासावा लागेल, म्हणजे ही दोन्ही माणसे एकाच चाळणीत पडतील, आणि चाळणी धरणारा हात त्यांच्यावर वैतागलेल्या अधिकाऱ्याचा असेल. धंदेवाल्यावर इलाज वेगळा आहे. तो विकतो ते स्वतःचे मौन. प्रत्येक अर्ज आणि त्याचे उत्तर, अर्जदाराचे नाव-पत्ता वगळून, कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकले की त्या मौनाला गिऱ्हाईक राहत नाही. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कार्यालयांतील अभिलेख नागरिकांना पाहू द्यावेत, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघालेला आहे. आपल्या तालुक्यात किती कार्यालयांत तो पाळला जातो, याची चार आठवड्यांची नोंद ठेवा. ती जोडलेले निवेदन कोणालाही सहजी बाजूला सारता येणार नाही.

सहकारी साखर कारखाने आणि पतसंस्था कायद्याखाली आणा, या सूचनेबद्दल थोडक्यात. थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवले की, शासनाचा भरीव अर्थपुरवठा किंवा खोलवरचे नियंत्रण नसेल, तर सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण होत नाही. 'भरीव' म्हणजे किती टक्के, हे कायद्यात लिहावे असे आपण सुचवता. माझा विरोध आहे. आकडा लिहिला की लेखापरीक्षक दरवर्षी त्याच्या एक टक्का खाली ताळेबंद आणून ठेवतील. कलम २(च) प्रमाणे, अन्य कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला मिळवता येते अशी खाजगी संस्थेची माहितीही 'माहिती'च ठरते. त्यामुळे कारखान्याकडे न जाता साखर आयुक्तालयाकडे, आणि पतसंस्थेसाठी उपनिबंधकांकडे अर्ज करावा. त्यांना नको असते, पण बहुतेकदा द्यावी लागते.

'अभिलेख आढळून येत नाही' या उत्तराची आपल्या मसुद्यात दखलच नाही, आणि माझ्या मते नकारांतला सर्वांत मोठा वाटा याचाच असतो. कायदा उपलब्ध अभिलेख देण्यास सांगतो. अधिकाऱ्याला 'का केले' असे विचारता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील पीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणजे कागद हाच सगळा आधार, आणि कागदच नाही म्हटले की कायदा संपला. यासाठी केंद्राकडे जायची गरज नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे, त्यात अभिलेख गहाळ करणाऱ्यावर कारवाईची तरतूद आहे. अभिलेख सापडत नसल्यास जबाबदारी निश्चित करून त्या अधिनियमाखाली काय कारवाई सुरू केली, हे उत्तरातच लिहावे, असे परिपत्रक राज्य सरकारकडे मागा. मी अपिलात अशी नोंद मागू लागलो, तेव्हा काही संचिका कपाटामागून, काही एका निवृत्त लिपिकाच्या घरून परत आल्या.

आढाव्याची मागणी पूर्णपणे सोडावी असे मी म्हणत नाही. ती कोणत्या रीतीने व्हावी, ते लिहा. कॅनडाने २०१९ च्या दुरुस्तीत आपल्या माहिती कायद्याचा दर पाच वर्षांनी आढावा घेण्याचे बंधन कायद्यातच घातले. ब्रिटनमध्ये २०१५ साली नेमलेल्या आयोगाकडून कायदा आवळण्याची शिफारस येईल, अशी भीती पत्रकारांना होती. त्याने मार्च २०१६ मध्ये अहवाल दिला, तो कायदा एकंदरीत नीट चालतो आहे असा. आयर्लंडने २००३ मध्ये अर्जाला १५ युरो शुल्क लावले, अर्ज झपाट्याने घटले, आणि २०१४ च्या नव्या कायद्यात ते शुल्क काढून टाकले. यातून घ्यायचे ते एवढेच की, काय घडले हे आधी मोजावे, मग कलमाला हात लावावा. आपल्याकडे २०१४ पासून केंद्राचे असे धोरण आहे की, विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. माहिती अधिकारातील कोणताही पुढचा बदल या वाटेनेच यावा, ही संसदेकडची आपली तिसरी मागणी असू द्या. चौथी नको.

तेव्हा तीन निवेदने करा. खासदारांना: आठ-एक-जे पूर्ववत, दुसऱ्या अपिलाला मुदत व प्रथम अपिलीय अधिकाऱ्याला दंड, आणि बदलाआधी लोकांचे म्हणणे. आमदारांना: रिक्त पदे, दीडशे शब्दांचा नियम, गहाळ अभिलेखांचे परिपत्रक. जिल्हाधिकाऱ्यांना: सोमवारची पाहणी आणि कलम ४ ची अद्ययावत माहिती. राज्य माहिती आयोगाला वेगळे निवेदन नको. कलम २५(५) खाली आयोग कार्यालयांना सुधारणा सुचवू शकतो, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या निवेदनाची प्रत त्यांना पाठवा आणि त्या कलमाचा उल्लेख करा.

पाठवण्याआधी एक काम राहते. आपल्या संस्थेने आजवर केलेल्या अर्जांपैकी नाकारलेल्यांची उत्तरे एकत्र काढा आणि प्रत्येकावर लाल शाईने एक शब्द लिहा: वैयक्तिक, गहाळ, मुदत, शब्दसंख्या, वर्ग केले, उत्तरच नाही. गठ्ठे पाडा. माझा क्रम माझ्या अनुभवाचा आहे. आपल्या गठ्ठ्यांची उंची वेगळी निघाली, तर माझा क्रम बाजूला ठेवून त्या उंचीप्रमाणे निवेदने लिहा आणि गठ्ठ्यांच्या छायाप्रती सोबत जोडा.